महाक्षत्रप ईश्वरदत्ताचीं नाणीं : प्रचलित मताचें परीक्षण

पश्चिम क्षत्रपांच्या इतिहासाची उभारणी बव्हंशीं नाण्यांवर झालेली आहे, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. त्यांचे शिलालेख थोडे, ग्रंथांतील उल्लेख त्याहून थोडे; परंतु रुप्याचें एक लहानसें नाणें हातीं आलें, तर त्यावर राजाचें नांव, त्याची पदवी, त्याच्या पित्याचें नांव व पदवी, आणि बहुधा शककालहि मिळतो. प्राचीन भारतांतील फार थोड्या राजवंशांनीं पुढील संशोधकांवर एवढे उपकार करून ठेविलेले आहेत. या सुव्यवस्थित मालिकेंत ईश्वरदत्त नांवाच्या एका महाक्षत्रपाचीं नाणीं मात्र वेगळीं पडतात. त्यांवर पित्याचें नांव नाहीं, शककालहि नाहीं. राजाच्या नांवापुढें आहे तें केवळ 'प्रथम वर्ष' किंवा 'द्वितीय वर्ष'. दोन वर्षें झालीं, आणि ईश्वरदत्त संपला.

हा कोण व केव्हांचा, याविषयीं शंभराहून अधिक वर्षें वाद चालू आहे. वाद असण्यास आमची हरकत नाहीं. आमचा आक्षेप निराळा आहे. संग्राहकांच्या याद्यांतून, विक्रीच्या सूचिपत्रांतून व त्यांच्या आधारें होणाऱ्या लोकप्रिय लेखनांतून हा वाद जणूं निकालांत निघाला आहे अशा थाटानें 'आभीर राजा ईश्वरदत्त, इ. स. १८८ ते १९१' असें छापलेलें वारंवार दिसतें. त्यांत कोठें प्रश्नचिन्ह नसतें कीं 'बहुधा' हा शब्द नसतो. या एका ओळींत दोन विधानें आहेत, एक कुळाविषयीं आणि दुसरें कालाविषयीं. आणि आमच्या मतें या दोहोंपैकीं एकहि नाण्यावरून सिद्ध होत नाहीं. नाण्याच्या पाकिटावरील चिठ्ठी पुढें पुस्तकांत जाते, पुस्तकांतून ती शाळेंत येते, आणि मग ती काढून टाकणें किती अवघड होतें, हें अध्यापनांत हयात घालविलेल्या आमच्यासारख्यांना चांगलें ठाऊक आहे. म्हणून प्रथम खुद्द नाणें काय बोलतें तें ऐकूं, आणि मग पंडितांचीं मतें पाहूं.

नाणें रुप्याचें, वजनानें सुमारें दोन ग्रॅम किंवा किंचित् अधिक, आकारानें बोटाच्या नखाएवढें. एका बाजूस उजवीकडे पाहणारा राजाचा मुखवटा; मिशा, मानेवर रुळणारे केस. सभोंवार ग्रीक अक्षरांचे अवशेष. नहपानाच्या काळीं या अक्षरांना अर्थ होता. पुढें त्यांची केवळ नक्षी राहिली. दुसऱ्या बाजूस तीन कमानींचा पर्वत, त्याखालीं नागमोडी रेघ, वर चंद्रकोर, बाजूंस चंद्र व सूर्य. आणि कडेनें वर्तुळाकार ब्राह्मी लेख. येथपर्यंत ईश्वरदत्ताचें नाणें व चष्टनाच्या वंशांतील कोणाहि राजाचें नाणें यांत भेद नाहीं. भेद आहे तो लेखांत. तो असा : 'राज्ञो महाक्षत्रपस ईश्वरदत्तस वर्षे प्रथमे'. दुसऱ्या प्रकारांत 'वर्षे द्वितीये'.

भाषेकडे क्षणभर लक्ष द्यावें. 'महाक्षत्रपस', 'ईश्वरदत्तस' हे षष्ठीचे प्रत्यय प्राकृत वळणाचे. 'राज्ञो' व 'वर्षे प्रथमे' हीं मात्र शुद्ध संस्कृत. रुद्रदामन्‌ाच्या शके ७२ च्या गिरनार येथील लेखांत प्रौढ संस्कृत गद्य लिहिणाऱ्या या दरबारानें टांकसाळींत ही मिश्र भाषा पिढ्यान्‌पिढ्या चालविली. ईश्वरदत्त बाहेरचा असो वा घरचा, त्यानें हीच भाषा उचलली. टांकसाळ तीच, कारागीरहि बहुधा तेच. पालटलें तें नांव, आणि नांवापुढील दोन शब्द.

आतां पित्याच्या नांवाविषयीं. कोणी म्हणेल कीं नाणें लहान, 'वर्षे प्रथमे' हे शब्द घालावयाचे होते, म्हणून पित्याच्या नांवास जागा उरली नसेल. हा तर्क अक्षरें मोजून तपासतां येतो. रुद्रसिंह प्रथम याच्या नाण्यावरील नेहमींचा लेख घ्या : 'राज्ञो महाक्षत्रपस रुद्रदामपुत्रस राज्ञो महाक्षत्रपस रुद्रसीहस'. अक्षरें २८. ईश्वरदत्ताचा लेख वर्षासकट मोजला तर अक्षरें १९. म्हणजे तितक्याच परिघांत नऊ अक्षरांची जागा शिल्लक होती. 'रुद्रदामपुत्रस' या पदास अक्षरें सातच लागतात. तात्पर्य, पित्याचें नांव जागेअभावीं गळालेलें नाहीं, तें घालावयाचेंच नव्हतें. ज्या मालिकेंत पुत्र आपल्या पित्याचें नांव व त्याची पदवी सांगितल्यावांचून स्वतःचें नांव सांगत नाहीं, तेथें हें मौन अर्थपूर्ण आहे. चष्टनवंशाशीं आपलें नातें ईश्वरदत्ताला सांगावयाचें नव्हतें, अथवा सांगण्यासारखें नातेंच नव्हतें.

येथें एक शब्द जपून वापरला पाहिजे. कोणी ईश्वरदत्ताला 'तोतया' म्हणतात, तें बरोबर नाहीं. तोतया दुसऱ्याचें नांव घेतो. पानिपतानंतर पुण्यास जो भाऊसाहेब म्हणून आला, त्याचा सारा डाव स्वतःचें नांव लपविण्यावर होता. ईश्वरदत्त तोतया असता तर त्यानें 'अमक्या महाक्षत्रपाचा पुत्र' असेंच कोरविलें असतें. नऊ अक्षरांची जागा मोकळी होतीच. त्यानें आपलें नांव उघड घातलें, महाक्षत्रप ही पदवी घेतली, आणि शककाल सोडून स्वतःचीं वर्षें मोजण्यास प्रारंभ केला. त्याला राज्यापहारी म्हणावें. मात्र त्यानें नाण्याचें रूप पालटलें नाहीं, कारण बाजारांत नाणें चालावयास हवें होतें. रोमच्या साम्राज्यांत दोन-चार महिने गादीवर बसलेल्यांनींहि हेंच केलें : नांव आपलें, रूप चालू नाण्याचें.

या लेखावरून ओळखीचे जे नियम निघतात ते संग्राहकांच्या उपयोगाचे आहेत, म्हणून येथेंच देतों. नाण्यावर कोठेंहि 'पुत्रस' हीं अक्षरें वाचतां आलीं तर तें ईश्वरदत्ताचें नव्हे. मग बाकीचें कांहीं दिसो वा न दिसो. दुसरें असें कीं चष्टनाच्या वंशांतील राजांचीं नांवें पहा : रुद्र, दाम, जीव, सत्य, संघ, पृथिवी, वीर, यशस्, विजय, विश्व, भर्तृ. स्वरानें आरंभ होणारें नांव एकहि नाहीं. त्यामुळें 'महाक्षत्रपस' नंतर शब्दारंभींचा स्वतंत्र स्वर दिसला, तर नाणें नीट निरखावें. आणि तिसरी खूण अर्थातच 'वर्षे'. इतर राजांच्या नाण्यांत नांवाची षष्ठी संपली कीं वर्तुळ पुरें होतें व पुन्हा 'राज्ञो' येतें.

हे नियम सोपे वाटतात; परंतु नाणें पुरें उमटलेलें क्वचितच असतें. ठसा मोठा व चकती लहान असल्यामुळें लेखाचा तिसरा हिस्सा तरी काठाबाहेर जातो. आमचें गांव कनेरगाव नाका हें वाशीम व हिंगोली यांच्या मधल्या रस्त्यावर आहे, आणि येथील ओळखीचीं माणसें जुनें नाणें मिळालें कीं तें आमच्यापुढें आणून ठेवतात. बहुतेक वेळां तें निजामी तांब्याचें असतें. एकदां मात्र एका गृहस्थानें क्षत्रपांचें रौप्य नाणें आणलें. त्यासोबतच्या चिठ्ठीवर 'आभीर ईश्वरदत्त, अतिदुर्मिळ' असें लिहिलेलें होतें, आणि किंमतहि त्या 'अति'ला शोभेल अशीच दिलेली होती. नाण्यावर 'श्व' हें जोडाक्षर स्वच्छ होतें. त्याच्या आधींचें अक्षर काठाबाहेर गेलेलें. विक्रेत्यानें तेवढ्यावरून 'ईश्वर' वाचलें. परंतु 'श्व' च्या पुढील अक्षराला वर मात्रा होती व त्याचा पाय वळलेला होता. ब्राह्मींतला 'र' म्हणजे जवळजवळ एक उभी रेघ. तो असा दिसत नाहीं. तें 'से' होतें. पलीकडे 'दामपुत्रस' अर्धवट वाचतां येत होतें, आणि मुखवट्यामागें शंभराच्या चिन्हास रेघ जोडून केलेलें दोनशेंचें चिन्ह होतें. नाणें भर्तृदामन्‌ाचा पुत्र विश्वसेन याचें, म्हणजे शकाच्या तिसऱ्या शतकांतील. विश्वसेनाचीं नाणीं मुबलक मिळतात. गृहस्थांचा चेहरा उतरला. त्यांनीं आम्हांला पुनःपुन्हां विचारलें कीं 'से' चा 'र' होऊं शकणार नाहीं काय. जणूं अक्षर आमच्या मर्जीवर अवलंबून होतें! 'विश्वसिंह' व 'विश्वसेन' हीं दोन नांवें ईश्वरदत्ताच्या दावेदारांनीं आधीं तपासून पाहावीं. ओतीव नकलांविषयीं येथें विस्तार करीत नाहीं. कडेवरील सांध्याची रेघ व पृष्ठभागावरील बारीक छिद्रें भिंगाखालीं पाहिलीं म्हणजे बहुतेकांचा उलगडा होतो.

आतां कुळाचा प्रश्न. ईश्वरदत्त आभीर होता हें मत पंडित भगवानलाल इंद्रजी यांचें. त्यांचा पश्चिम क्षत्रपांवरील निबंध त्यांच्या मृत्यूनंतर इ. स. १८९० मध्यें लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत रॅप्सन यांनीं संपादून प्रसिद्ध केला. जुनागडच्या या पुरुषानें गिरनारापासून नाशिकपर्यंतचे लेख डोळ्यांत तेल घालून वाचले. त्यांच्या पायाशीं बसूनच पुढील पिढ्या शिकल्या आहेत. तेव्हां त्यांच्याशीं मतभेद नोंदवितांना हात जरा अडखळतो. त्यांचा तर्क असा : नाशिकच्या लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षाचा एक लेख आहे. ईश्वरसेनाचा पिता शिवदत्त. 'ईश्वर' हें पूर्वपद एकाकडे, 'दत्त' हें उत्तरपद दुसऱ्याकडे. दोघेहि अल्पकालाच्या वर्षांनीं आपली गणना करतात. म्हणून ईश्वरदत्त याच कुळांतला. इ. स. २४८-४९ च्या सुमारास सुरू होणारा जो संवत् पुढें त्रैकूटक व कलचुरी या नांवांनीं चालला, त्याचा प्रवर्तकहि ईश्वरदत्तच, असें त्यांनीं अनुमान केलें.

नाशिकचा तो लेख पुन्हा वाचून पाहण्यासारखा आहे. शक अग्निवर्म्याची कन्या, गणपक रेभिलाची पत्नी, विष्णुदत्ता नांवाची उपासिका. तिनें त्रिरश्मि पर्वतावरील विहारांत राहणाऱ्या भिक्षुसंघांतील आजाऱ्यांच्या औषधासाठीं गोवर्धन येथील श्रेणींकडे कायमची ठेव ठेविली. कुलरिक, ओदयंत्रिक, तिलपिषक अशा श्रेणींचीं नांवें त्यांत आहेत. आजाऱ्याच्या औषधाची तजवीज व्याजांतून करणारी ही बाई आम्हांला त्या काळच्या कित्येक राजांपेक्षां अधिक ओळखीची वाटते; पण तें असो. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनें लक्षांत घ्यावयाचें तें राजाचें वर्णन. तेथें ईश्वरसेन हा 'राजा' आहे, 'महाक्षत्रप' नव्हे. तो माढरीचा पुत्र आहे, म्हणजे सातवाहनांच्या रीतीप्रमाणें मातेचें गोत्रनाम सांगतो. पित्याचें नांव सांगतांना आभीर हा शब्द येतो, आणि स्वतःच्या नांवामागें तो पुन्हा येतो. ज्या कुळाला आपलें आभीरपण एका वाक्यांत दोनदां सांगावेंसें वाटतें, त्या कुळांतला पुरुष नऊ अक्षरांची जागा रिकामी असतांना नाण्यावर त्याचा नामनिर्देशहि करीत नाहीं, हें कसें? पदवी निराळी, नामोल्लेखाची रीत निराळी, कुळाचें नांव एकीकडे आहे व दुसरीकडे नाहीं. उरतें तें 'ईश्वर' व 'दत्त' या दोन पदांचें साम्य. त्याच लेखांतील दानकर्त्रीचें नांव विष्णुदत्ता आहे आणि ती शककन्या आहे. 'दत्त' या पदावरून कूळ ठरवूं लागलों तर तिलाहि आभीर म्हणावें लागेल.

संवत्-प्रवर्तनाचा तर्क तर याहून दुबळा आहे. 'वर्षे प्रथमे' म्हणजे अमुक संवत्‌ाचें पहिलें वर्ष, असें नाणें म्हणत नाहीं. गादीवर बसलेल्या प्रत्येकाला पहिलें वर्ष असतेंच. तो संवत् आभीरांनीं, बहुधा ईश्वरसेनानेंच, सुरू केला हें मत आज पुष्कळांस मान्य आहे व आम्हांलाहि तें सयुक्तिक दिसतें. परंतु त्यामुळें ईश्वरदत्ताचा त्याच्याशीं संबंध जुळत नाहीं, उलट तुटतो. दोन वर्षांत ज्याची गादी गेली, त्याचीं वर्षें पुढें शतकानुशतकें कोण मोजीत बसणार?

कित्येकदां स्थलाचें प्रमाण पुढें करण्यांत येतें : नाणें अमक्या जिल्ह्यांत मिळालें, म्हणून राजा तेथला. क्षत्रपांच्या नाण्यांच्या बाबतींत हें प्रमाण अगदीं लटकें आहे. त्यांचें रुपें सातारा जिल्ह्यांत कऱ्हाडकडे मिळालें आहे, छिंदवाडा जिल्ह्यांत सोनपूर येथें मिळालें आहे, आंध्रांत पेटलूरीपालेम येथेंहि मिळालें आहे. चष्टनाचे वंशज या सर्व ठिकाणीं राज्य करीत होते असें कोणी म्हणत नाहीं. आमच्या भागाला तर हें उदाहरणानें पटवावें लागत नाहीं. मराठवाडा व विदर्भ यांची हद्द येथून हाकेच्या अंतरावर. गांवाच्या नांवांतच नाका आहे. हैदराबाद संस्थानाच्या काळीं अलीकडे निजामाचा हाली सिक्का चाले व पलीकडे वऱ्हाडांत कलदार. वडीलधाऱ्यांच्या बोलण्यांत हाली-कलदारच्या बट्ट्याचा हिशेब आम्ही लहानपणीं पुष्कळ ऐकला आहे. उद्यां येथल्या एखाद्या वाड्याच्या भिंतींत व्हिक्टोरिया राणीचे कलदार रुपये सांपडले, तर राणीचें राज्य हिंगोलीवर होतें असें अनुमान कोणी करील काय? दक्षिणेंत ऑगस्टस व टायबेरियस यांचीं नाणीं घड्यांनीं निघालीं आहेत. म्हणून तेथें रोमचें राज्य नव्हतें. मग ईश्वरदत्ताचें एखादें नाणें नाशिककडे मिळालें एवढ्यावर त्याला नाशिकचा राजा करणें कितपत योग्य?

आतां काल. येथें तीन मतें आहेत. भगवानलालांनीं ईश्वरदत्ताला शके १७१ नंतर, म्हणजे इ. स. २४९ च्या पुढें बसविलें, कारण त्यांच्यासमोर जीं नाणीं होतीं त्यांत विजयसेनाच्या शेवटच्या सालापासून दामजदश्री तृतीयाच्या पहिल्या सालापर्यंत, शके १७१ ते १७६, अशी पोकळी दिसत होती. पुढें त्या मधल्या सालांचीं नाणीं मिळालीं व पोकळी बुजली. विजयसेन शके १७२ पर्यंत येतो आणि दामजदश्री त्याला लागूनच सुरू होतो. दोन वर्षांच्या महाक्षत्रपाला तेथें पाऊल ठेवावयास जागा नाहीं. हें मत त्यामुळें आपोआप पडलें. ज्या रॅप्सन यांनीं १८९० मध्यें भगवानलालांचा निबंध संपादिला, त्यांनीच १९०८ मध्यें ब्रिटिश म्यूझियमची सूची सिद्ध करतांना हा काल बदलला, ही गोष्ट त्यांच्या प्रामाणिकपणाची द्योतक आहे.

दुसरें मत देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांचें. राजपुतान्यांत बांसवाडा संस्थानांत सरवानिया येथें १९११ मध्यें क्षत्रपांच्या दोन हजारांहून अधिक नाण्यांचा निधि निघाला. त्याचा अभ्यास करतांना त्यांनीं ईश्वरदत्ताला शके ११० ते ११२, म्हणजे इ. स. १८८ ते १९० या काळांत ठेविलें. सूचिपत्रांतील ओळ येथूनच आली आहे. त्यांची युक्ति चातुर्याची आहे. रुद्रसिंह प्रथम हा शके १०३ ते ११० महाक्षत्रप दिसतो, ११० ते ११२ तो केवळ क्षत्रप होतो, आणि ११३ पासून पुन्हा महाक्षत्रप. मधलीं दोन वर्षें त्याला खालच्या पदावर कोणी बसविलें? ईश्वरदत्तानें, कारण त्याचींहि वर्षें दोनच. शिवाय गुंडा येथील शके १०३ च्या लेखांत रुद्रसिंहाच्या पदरीं आभीर सेनापति रुद्रभूति होता असें दिसतें. तेव्हां आभीरांचें बळ त्या दरबारांत वाढलेलें होतेंच.

दोन व दोन जुळले कीं मन समाधान पावतें. पण हें समाधान तपासून घेतलें पाहिजे. पहिली गोष्ट, गुंडाच्या लेखांतला सेनापति एक जलाशय करवितो, आपल्या स्वामीचें नांव वंशावळीसह आदरानें सांगतो. बंडाचा त्यांत वासहि नाहीं. आणि ईश्वरदत्त आभीर होता हें आधीं गृहीत धरल्यावांचून त्या लेखाचा ईश्वरदत्ताशीं कांहींच संबंध पोंचत नाहीं. जें सिद्ध करावयाचें तेंच हेतु म्हणून मांडलें आहे. नैयायिक याला साध्यसम म्हणतील. दुसरी गोष्ट, रुद्रसिंहाच्या पदावनतीचें कारण घरांतच असूं शकतें. त्याच्या वडील भावाचा पुत्र जीवदामन् हा महाक्षत्रपपदाचा दावेदार होता, आणि शके ११९ व १२० चीं त्याचीं महाक्षत्रप म्हणून पाडलेलीं नाणीं आहेत. चुलत्या-पुतण्यांची गादीसाठीं झुंज समजण्यास महाराष्ट्राच्या वाचकाला परकें उदाहरण लागत नाहीं. पदावनतीला एक घरचें कारण संभवत असतां बाहेरचा पुरुष आणणें हा गौरवदोष होय.

तिसरें मत रॅप्सन यांचें, व आमचा कल त्याकडे आहे. त्यांनीं नाण्यांचीं मुखें व घडण एकमेकांशीं ताडून पाहिली. ईश्वरदत्ताचें नाणें दामसेनाच्या पुत्रांच्या, म्हणजे वीरदामन्, यशोदामन् व विजयसेन यांच्या नाण्यांशीं जुळतें. नाण्यावरचें मुख हें त्या राजाचेंच चित्र असतें असा कोणी भ्रम बाळगूं नये. तें त्या वर्षांतल्या ठसा कोरणाऱ्याचें वळण असतें. आणि वळणाचें प्रमाण अशाच प्रश्नांत उपयोगी पडतें, कारण राजा पालटला तरी कारागीर एका रात्रींत पालटत नाहीं. आतां साल पहा. दामसेन महाक्षत्रप म्हणून शके १५८ पर्यंत आहे. पुढचा महाक्षत्रप यशोदामन् शके १६१ मध्यें दिसतो. मधल्या काळांत दामसेनाचा पुत्र वीरदामन् शके १६० पर्यंत नाणीं पाडतो, पण केवळ क्षत्रप म्हणून. घर आहे, पुत्र आहे, टांकसाळ चालू आहे. वरचें पद तेवढें त्या घरांत नाहीं. इ. स. २३६ ते २३९ ही ती वर्षें. भांडारकरांच्या मतांत पोकळीचें प्रमाण आहे पण वळणाचें नाहीं. येथें दोन्हीं एका ठिकाणीं मिळतात.

रॅप्सन यांच्या मताला मर्यादा आहे ती हीच कीं पोकळी बुजूं शकते. भगवानलालांची बुजली. शके १५९ चें चष्टनवंशीय महाक्षत्रपाचें एक निःसंदिग्ध नाणें उद्यां पुढें आलें, तर रॅप्सनहि त्याच वाटेनें जातील. म्हणून या काळापुढें 'बहुधा' हा शब्द आम्ही ठेवतों, आणि दुसऱ्यांनींहि ठेवावा असें म्हणतों. एका नाण्याचें वजन किती असूं शकतें याचा एक अलीकडचा दाखला पाश्चात्त्य नाणकशास्त्रांत आहे. फ्रान्समध्यें नांत शहराजवळ १९०० मध्यें डोमिटियानस नांवाच्या एका बादशहाचें नाणें मिळालें. गॉलमध्यें तिसऱ्या शतकांत जे राज्यापहारी झाले त्यांतला हा. पण नाणें एकच, म्हणून विद्वानांनीं तें बनावट ठरविलें. इंग्लंडांत ऑक्सफर्डशायरमधील चाल्ग्रोव्ह येथें २००३ मध्यें एका घड्यांत सुमारें पांच हजार नाणीं चिकटलेलीं निघालीं. तीं सुटीं करतांना त्यांत डोमिटियानसचें दुसरें नाणें मिळालें, आणि तें पहिल्याच ठशांचें होतें. एवढ्यानें शंभर वर्षांचा निर्णय फिरला व एक बादशहा इतिहासांत परत आला. घडा न फोडतां, न वाटतां जसाच्या तसा अभ्यासकांच्या हातीं गेला म्हणून हें घडलें. आमच्याकडे १८७८ चा निखात निधीचा कायदा दहा रुपयांवरील मूल्याचा निधि कळविण्यास सांगतो. पण निधि आधीं मुशींत जातो आणि वार्ता मागाहून येते.

रॅप्सन यांचा काल खरा असेल, तर ईश्वरदत्त गादीवर होता त्याच सुमारास, इ. स. २३८ मध्यें, रोममध्यें एका वर्षांत सहा जणांनीं बादशहा ही पदवी धारण केली. त्यांतले गॉर्डियन पितापुत्र आफ्रिकेंत जेमतेम तीन आठवडे टिकले, प्युपियेनस व बाल्बिनस सुमारें तीन महिने. तरी चौघांचींहि नाणीं आहेत. गॉर्डियन रोमला पोंचलाच नाहीं, पण त्याचीं नाणीं रोमच्या टांकसाळींत निघालीं. तेथील लेखकांनीं ग्रंथ लिहून ठेवले म्हणून हे चौघे कोण, कोठले, कसे मेले हें आपण जाणतों. ग्रंथ नसते, तर त्यांच्याहि नाण्यांवरून असेच तर्क झाले असते.

ईश्वरदत्ताच्या अंताविषयीं ग्रंथ नाहीं, नाणीं आहेत. वर दिलेला काल धरला, तर त्याच्या 'वर्षे द्वितीये' नंतरचें महाक्षत्रपाचें नाणें शके १६१ चें, यशोदामन्‌ाचें. त्यावर मुखवट्यामागें पुन्हा शकाचे अंक आहेत, आणि लेखांत, स्वतःच्या नांवाआधीं, महाक्षत्रप दामसेनाचा पुत्र म्हणून पित्याचें नांव पदवीसह जागच्या जागीं आलेलें आहे.

कनेरगाव नाका